तराजूतली आई

सार्त्रच्या त्या प्रसिद्ध व्याख्यानातला विद्यार्थी सगळ्यांना आठवतो. त्याची आई कुणाला आठवत नाही. मलाही कितीतरी वर्षं आठवली नव्हती. बी.ए.ला 'कोसला'वर बोलताना आमच्या सरांनी फळ्यावर 'अस्तित्ववाद' असा शब्द लिहिला, त्याच्याखाली सार्त्र आणि काम्यू ही दोन नावं लिहिली आणि 'यावर टीप येऊ शकते' एवढं सांगून ते पुढं गेले. ती टीप मी पाठ केली. माणूस आधी असतो, मग तो काय आहे ते त्याच्या करणीनं ठरतं. माणूस स्वतंत्र आहे. स्वातंत्र्याबरोबर जबाबदारी येते. पाच मार्कांचं तत्त्वज्ञान! पुढं लग्न झालं, मुलं झाली, आणि टीप विसरून गेले.

मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिनं ते व्याख्यान आणून दिलं, फिलिप मेरे यांनी इंग्रजीत केलेलं. छोटंसं पुस्तक. दुपारी सगळं आवरल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर बसून दोन दिवसांत वाचलं. टीपेत नव्हती ती बाई मला तिथं भेटली.

व्याख्यान २९ ऑक्टोबर १९४५ चं, पॅरिसमधलं. शहर जर्मनांच्या ताब्यातून सुटून चौदा महिने झाले होते. गर्दी एवढी की आत शिरायला जागा नव्हती, असं सांगतात. सार्त्रला दोन बाजूंनी मार बसत होता. कम्युनिस्ट म्हणत, हे हातावर हात ठेवून बसायला लावणारं, निराशेचं तत्त्वज्ञान आहे. कॅथलिक म्हणत, देवाच्या आज्ञाच काढून टाकल्या तर उरलं काय, ज्याला जे वाटेल ते त्यानं करावं एवढंच. दोघांना उत्तर म्हणून सार्त्र सांगतो की उलट, देव नाही म्हणूनच माणसाला कुणाच्या आड लपता येत नाही. लाटणं करणाऱ्या सुताराच्या डोक्यात लाटणं आधी तयार असतं, मग लाकूड कातलं जातं. (सार्त्रनं कागद कापायच्या सुरीचं उदाहरण दिलंय, पण आपल्याला लाटणंच बरं.) माणसाच्या बाबतीत असा सुतार नाही, म्हणून माणसाचा आधीच ठरलेला उपयोगही नाही. तो स्वतःला घडवत जातो, आणि जे घडलं त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

आता तो विद्यार्थी. जर्मन फौजा फ्रान्समध्ये असतानाची गोष्ट. मुलाचा मोठा भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला. वडिलांचं आणि आईचं पटत नाही, शिवाय वडील जर्मनांशी जुळवून घ्यायच्या बाजूला झुकलेले. आई या मुलाजवळ राहते. नवऱ्याच्या त्या अर्ध्या फितुरीनं आणि थोरल्या मुलाच्या जाण्यानं ती खचलेली, आणि आता तिला आधार एवढाच की हा धाकटा आहे. मुलाला वाटतं, इंग्लंडला जावं, स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत भरती व्हावं, भावाचा सूड घ्यावा. पण आपण गेलो तर आई जगणार कशी? आणि जाऊनही काय, वाटेत स्पेनच्या छावणीत अडकून पडू, नाहीतर तिकडं पोचल्यावर कुणीतरी टेबलाशी बसवून कागद भरायला लावेल. एका बाजूला एकाच माणसाला नक्की उपयोगी पडणारं काम, दुसऱ्या बाजूला सगळ्या देशासाठीचं पण वाळूत मुरून जाऊ शकणारं काम. काय करू, असं विचारायला तो सार्त्रकडे आला.

सार्त्र एकेक दार उघडून दाखवतो आणि बंद करतो. शेजाऱ्यावर प्रेम कर म्हणावं, तर शेजारी कोण, आई की लढणारा सैनिक? कांटचं ऐकावं, कुठल्याही माणसाला नुसतं साधन करू नये म्हणून, तर आईपाशी राहिलो की लढणारे माझं साधन होतात, त्यांच्यात गेलो की आई होते. मनाचं ऐकावं, तर आईवरचं प्रेम पुरेसं आहे हे कसं कळणार? तिच्यापाशी राहिल्यावरच कळणार, आधी नाही. सल्ला मागावा, तर कुणाचा सल्ला मागायचा हे निवडतानाच निम्मा निर्णय झालेला असतो. शेवटी सार्त्र त्याला सांगतो की तू मोकळा आहेस, तूच निवड, तुझं उत्तर तूच शोधून काढ.

सल्ल्याचा हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. आपल्याकडे तरी दुसरं काय होतं? सुनेला नोकरी करू द्यावी की नको हे थोरल्या काकांना विचारायचं की आत्येभावाला, हे ज्याला ठरवता येतं त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. नंतर म्हणायचं, काकांनी सांगितलं म्हणून. या पळवाटेला सार्त्र आत्मवंचना म्हणतो. मी दगडासारखी आहे, दुसऱ्यानं ठेवलं तिथं पडलेय, असं स्वतःलाच पटवणं. मोठ्या ग्रंथात, १९४३ च्या, त्याची उदाहरणं आहेत. वेटरपणाचा अभिनय करत करत वेटरच झालेला माणूस, आणि हातात हात घेतला तरी कळलंच नाही असं दाखवणारी बाई. त्या बाईवर तो जरा सहजच घसरलाय असं मला वाटतं. हात काढून घेतला तर काय होतं आणि नाही घेतला तर काय होतं, याचा हिशोब बायकांना लहानपणापासून करावा लागतो, आणि तो करताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं. पण तो वेगळा विषय आहे.

मला थांबवलं ते त्या आईनं. पुन्हा पुन्हा वाचूनही एक गोष्ट सापडली नाही. मुलानं आईला विचारलं का? इंग्लंड, स्पेन, शेजारी, कांट, पाद्री, सगळ्यांचा विचार झाला. पाद्र्याकडे गेला असता तर तो पाद्री कुठल्या बाजूचा असता इथपर्यंत झाला. घरात शेजारच्या खोलीत बसलेल्या बाईला काय वाटतं, हा प्रश्नच नाही. ती तराजूच्या एका पारड्यात ठेवलेलं वजन आहे. वजनाला कोण विचारतं?

बरं, ती नुसती रडणारी बाई आहे असं म्हणावं, तर सार्त्रनंच लिहून ठेवलंय की नवऱ्याची फितुरी तिला लागली होती. म्हणजे युद्धाबद्दल तिचं मत होतं. नवऱ्याच्या विरुद्ध मत होतं, आणि त्या काळात, त्या घरात, ते बाळगायला जोर लागत असणार. थोरला मुलगा देशासाठी गेला, नवरा उलट्या बाजूला झुकला, आणि ही बाई मनानं कुठं उभी आहे ते स्पष्ट आहे. अशा बाईला धाकट्यानं विचारलं असतं, तर ती 'जा' म्हणाली असती कदाचित. किंवा 'नको' म्हणाली असती. किंवा म्हणाली असती, की नको वाटतंय, पण मी अडवणार नाही. या प्रत्येक उत्तरानं मुलासमोरचा प्रश्नच बदलला असता. ज्या व्याख्यानाचं सगळं सांगणं हे आहे की प्रत्येक माणूस निवडतो, त्यात एका माणसाला निवड नाहीच. ती फक्त निवडली जाणार किंवा टाकली जाणार.

इथं एक गंमत सांगते. सार्त्रचे सावत्र वडील १९४५ च्या सुरुवातीला वारले, आणि व्याख्यान झाल्यावर वर्षभराच्या आत, १९४६ मध्ये, सार्त्र आपल्या आईकडे राहायला गेला. पॅरिसच्या बोनापार्त रस्त्यावरच्या घरात चाळिशीचा हा तत्त्ववेत्ता आणि त्याची आई बरीच वर्षं एकत्र राहिले. यात वाईट काही नाही, चांगलंच आहे. फक्त वाटतं, त्या माउलीला त्यानं जेवताना कधी विचारलं असेल का, की आई, तू त्या मुलाची आई असतीस तर?

आता आमच्याकडचं थोडं. आम्ही बेळगावचे दिगंबर जैन. सार्त्र म्हणतो की देव नाही हे कळल्यावर माणूस उघड्यावर पडतो, त्याला मागं पुढं आधार उरत नाही. हे वाचून मला काही धक्का बसला नाही. जगाचा कर्ता कुणी नाही हे आमच्या घरात तांदूळ निवडता निवडता कानांवर पडलेलं. तीर्थंकर काही देत नाहीत, काही काढून घेत नाहीत. ते वाट दाखवून गेले. आपलं बांधलेलं आपणच सोडवायचं. पण म्हणून 'हे सगळं आमच्याकडे आधीपासून होतं' असं म्हणणाऱ्यांत मी नाही. दशलक्षण पर्वातल्या व्याख्यानमालांतून असं फार ऐकायला मिळतं, आणि त्यानं ना सार्त्र कळतो ना जैन दर्शन. फरक मोठा आहे. आमच्याकडे आत्म्याला स्वभाव आहे, ज्ञान-दर्शन हा त्याचा स्वभाव, तो झाकलाय म्हणून उघडायचा. सार्त्रला असा स्वभाव मान्यच नाही. आमच्याकडे मागच्या जन्मांची गाठोडी आहेत. त्याच्याकडे जन्म एकच, आणि गाठोडं बांधायला सुरुवात आजच्या सकाळी.

त्या गाठोड्याचा आम्ही उपयोगही कसा करतो ते बघा. 'कर्माचा उदय' हा शब्द घरात दिवसातून दोनदा तरी येतो. लग्न मोडलं, कर्माचा उदय. मुलीचं शिक्षण थांबलं, कर्माचा उदय. थांबवलं कुणी? शास्त्रात तर उदयाबरोबर उदीरणा, संक्रमण, अपकर्षण हेही सांगितलंय. बांधलेलं कर्म आपल्या भावांनी कमी करता येतं, बदलता येतं, लवकर भोगून संपवताही येतं. ही निम्मी बाजू आम्ही सोयीनं विसरतो. सार्त्रची आत्मवंचना बेळगावात मराठी बोलते ती या शब्दात.

आणि एका ठिकाणी आमचा हिशोब सार्त्रपेक्षा कडक आहे. जपमाळेत मणी १०८ का? लहानपणी बस्तीत पंडितांनी तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातून समजावलं होतं. एखादी गोष्ट मनात योजणं, तिची जुळवाजुळव करणं, आणि ती सुरू करणं, हे तीन. मनानं, वाणीनं, कायेनं, हे तीन. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान दिलेली, म्हणजे कृत, कारित, अनुमोदित, हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. गुणाकार करा, १०८. पाप आत यायची एवढी दारं. सार्त्र म्हणतो, न निवडणं हीसुद्धा निवड. उमास्वामी म्हणतात, नुसती मान डोलावलीस तरी ते तुझ्या खात्यात.

या दोघांच्या मध्ये मी सापडले ते सिमोन द बोव्हारचं एक लहान पुस्तक वाचताना. १९६४ चं. पॅट्रिक ओब्रायनच्या इंग्रजी अनुवादाचं नाव 'अ व्हेरी ईझी डेथ'. बोव्हारचा 'सेकंड सेक्स' सगळ्यांना ठाऊक असतो, निदान नावानं. त्याआधी १९४७ मध्ये तिनं नीतीवर एक पुस्तक लिहिलं, त्यात ती सार्त्रच्या एक पाऊल पुढं गेली असं माझं मत. तिनं म्हटलं की सगळ्यांच्या वाट्याला सारखं मोकळं आकाश येत नाही. काहींना जाणून-बुजून लहान मुलासारखं ठेवलेलं असतं, त्यांना दुसरं काही शक्य आहे हेच ठाऊक नसतं. मात्र दार दिसलं, आणि तरी बाहेर पडलं नाही, तर ती चूक आपली. आणि माझं स्वातंत्र्य खरं असायचं असेल तर मला दुसऱ्याचंही हवं असायला पाहिजे. हे वाचताना मला सार्त्रच्या व्याख्यानातली ती आई पहिल्यांदा श्वास घेताना दिसली.

मग १९६३ च्या शरद ऋतूत बोव्हारची आई, फ्रांस्वाज, घरात पडली. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात तपासण्या झाल्यावर कळलं की पोटात कॅन्सर आहे. सत्त्याहत्तरीची बाई. पुस्तक म्हणजे त्यानंतरच्या महिन्याभराची गोष्ट. बोव्हारनं आईला इथं पारड्यात ठेवलेलं नाही. कडक कॅथलिक वळणात वाढलेली, स्वतःच्या इच्छांच्या उलट जगायला शिकलेली, मुलीची पत्रं उघडून वाचणारी, त्रासदायक बाई. पण नवरा गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, परीक्षा देऊन रेडक्रॉसच्या ग्रंथालयात मदतनिसाचं काम मिळवलं, आणि कामावर जायला पुन्हा सायकल चालवायला शिकली तीही हीच. ही सायकल मला फार आवडली. शेवटच्या दिवसांत जपमाळ नि प्रार्थनापुस्तक बाजूलाच राहिलं, पाद्र्यालाही तिनं बोलावणं धाडलं नाही. तिला जगायचं होतं. लिहिणारी मुलगी हे सगळं बारकाईनं बघते. एका रात्री तर बोव्हारला जाणवतं की आपल्याच तोंडावर आईचं तोंड आलंय.

आणि तरी. दोघी बहिणींनी आईला कॅन्सर सांगितला नाही. पोटात सूज होती, ऑपरेशन झालं, आता बरी होशील, असंच शेवटपर्यंत. ऑपरेशनच्या आधी एका नर्सनं बोव्हारच्या कानाशी लागून सांगितलं होतं की करू देऊ नका. पण डॉक्टरांचं यंत्र सुरू झालं आणि आपण त्यात ओढले गेलो, असं ती लिहिते. कोण लिहितंय? ज्या बाईनं सगळ्या जगाला सांगितलं की 'मी ओढली गेले' म्हणता येत नाही, ती! पुस्तक मोठं आहे ते यामुळंच. ती स्वतःला सोडवून घेत नाही. खोटं बोललो ते लिहिते, आईच्या डोळ्यांत आशा पाहून कसं वाटलं ते लिहिते, त्या महिन्यात आईबरोबर मिळालेले चांगले दिवस याच खोट्याच्या जोरावर मिळाले हेही लिहिते. नाव तर एका नर्सच्या समजुतीच्या शब्दांवरून घेतलेलं, आणि आतलं पान न् पान त्या नावाला खोटं पाडणारं.

एकच गोष्ट मात्र ती पुरेशी विचारत नाही, असं मला वाटतं. आईला कळलं असतं तर तिनं काय केलं असतं? घाबरली असती, खचली असती, हे गृहीत. तेच गृहीत जे त्या विद्यार्थ्यानं धरलं होतं. मुलगा गेला तर आई जगणार नाही; कॅन्सर कळला तर आई जगणार नाही. आयांच्या मनाचा आपल्याला एवढा पक्का अंदाज कसा असतो?

पण हे मी कुठल्या तोंडानं विचारतेय?

आमच्या आत्यांना, आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं आणि वर म्हणाले, त्यांना सांगू नका, धीर सुटेल. ह्यांनी आणि दिरांनी जिन्यात उभं राहून ठरवलं, अल्सर सांगायचं. मी थर्मास धरून तिथंच होते. काही बोलले नाही. मी सून, मुलं ठरवतायत, माझा काय अधिकार, असं मनाशी म्हटलं. अनुमोदित. ते खातं तेव्हा उघडलं.

पुढं चार महिने. एकदा संध्याकाळी आत्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "अगं, खरं सांग, डॉक्टर काय म्हणाले?" घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "अल्सरच आहे आत्या, पथ्य सांभाळायचं. पेज आणू का थोडी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आण." म्हणजे मान डोलावण्यावर भागलं नाही, तोंडानंही झालं.

सल्लेखनेचा विषय मी काढत नाही. तो मोठा आहे, २०१५ मध्ये कोर्टापर्यंत गेलेला आहे, आणि आत्यांनी ती घेतली असती असं मी म्हणतही नाही. माझ्या मनात आहे ती साधी गोष्ट. निपाणीला त्यांची धाकटी बहीण. घराच्या वाटणीवरून बारा वर्षं बोलणं बंद. दर क्षमावणीला सगळ्या गल्लीची क्षमा मागून झाल्यावर आत्या म्हणायच्या, पुढच्या वर्षी निपाणीला जाऊन येते. त्या वर्षीही म्हणाल्या, माझ्यासमोर म्हणाल्या. आणि मला ठाऊक होतं की पुढचं वर्ष नाही. बहीण आली ती मयताला. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी होती. पेटी त्यांच्या आईची होती.

उलट बाजूनंही मी विचार केलाय. आत्यांनी 'आण' म्हटलं ते कळूनच म्हटलं असेल. त्यांनाही ऐकायचं नसेल. विचारताना आवाज इतका सहज होता की 'नको सांगू' असंच त्यातून म्हणायचं असेल. फ्रांस्वाजबद्दल वाचतानाही हे मनात येतंच. तिनंही फार खोदून विचारलं नाही. तसं असेल तर तीही त्यांची निवड, आणि मान्य. पण हे मला आता सोयीचं वाटतं, म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. सार्त्र एवढं तरी शिकवून गेला.

त्याच्या विद्यार्थ्यानं शेवटी काय केलं, ते त्या व्याख्यानात नाही. सार्त्रला ते सांगायची गरज वाटली नाही. मला मात्र अजून राहून राहून वाटतं की तो घरी गेला, दार आईनं उघडलं, आणि 'कुठं गेला होतास' असं तिनं विचारल्यावर तो काय म्हणाला असेल.

मुलगी गेल्या दिवाळीत आली होती. बोव्हारचं पुस्तक तिलाच परत दिलं. देताना म्हटलं, "माझं काही निघालं ना, तर डॉक्टरांनी सांगितल्यावर आधी मला सांगायचं. बाबांच्याही आधी." ती म्हणाली, "आई, सणासुदीचं काहीतरीच काय बोलतेस," आणि पुस्तक बॅगेत टाकून विचारलं, चकल्या अजून शिल्लक आहेत का.